येरळेच्या ओढ्यांचा हिशेब

सातारा-सांगलीतून वाहत कृष्णेला मिळणाऱ्या येरळा नदीच्या एखाद्या ओढ्यावर केटी वेअरपाशी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यापाशी, थांबलं की खांबावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. खालचे आकडे गाळाने पुसलेले, वरचे कोरे करकरीत. तिथवर पाणी चढतं कधी? ही पट्टी अडलेल्या पाण्याची उंची सांगते. बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारांतल्या फळ्या, काढल्यावर पाणी पुढे किती गेलं, ते तिच्यावरून कळत नाही. कृष्णेला 2005, 2019 आणि 2021 चे महापूर आले, तशी तिची पातळी तासातासाला सांगितली जाऊ लागली. ओढ्याच्या वाट्याला तसलं काही आलं नाही. त्याची पातळी आजही 'पुलावरून पाणी गेलं' किंवा 'नाही गेलं' एवढीच.

याची मुळं ब्रिटिश अमदानीत आहेत. नेर, मायणी, राजेवाडी हे तलाव त्या काळातले. तलाव बांधायचा तर येवा, म्हणजे त्यात येणारं पाणी, माहीत हवा, आणि दर ओढ्यावर वर्षानुवर्षं माणूस बसवणं परवडणारं नव्हतं. मग पाऊस मोजायचा आणि पाणी कागदावर काढायचं, अशी वाट निघाली. 19व्या शतकाच्या अखेरीस झालेला स्ट्रेंज या अभियंत्याचा तक्ता आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या निरीक्षणांवरच उभा आहे. पाणलोट चांगला, मध्यम की वाईट ते ठरवायचं, पावसाचा आकडा शोधायचा, समोर अपधाव, म्हणजे वाहून येणारं पाणी, लिहिलेलाच. 1930 च्या आसपास पश्चिम भारतातल्या 53 ठिकाणच्या मोजणीवरून घाटासाठी एक आणि पठारासाठी दुसरं अशी दोन सूत्रं निघाली. सातारा जिल्ह्याला दोन्ही लागतात, कारण पावसाचं महाबळेश्वरही इथलंच आणि कोरडं म्हसवडही.

पठाराचं सूत्र खटाव तालुक्याला लावून बघावं. वर्षाला 50 सेंटिमीटर पाऊस धरला तर वाहून येतात जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर. पाऊस 35 वर आला, म्हणजे तीस टक्क्यांनी घटला, तर वाहणारं पाणी अडीच सेंटिमीटरही भरत नाही. साठ टक्क्यांहून जास्त घट. 'पाऊस तसा बरा झाला, पण ओढा आलाच नाही' असं म्हातारी माणसं म्हणतात, ते या गणिताशी तंतोतंत जुळतं.

खरा गुंता पुढे आहे, '75 टक्के विश्वासार्हता' या शब्दांत. सभांमधून याचा अर्थ 'सरासरीच्या 75 टक्के पाणी' असा सर्रास सांगितला जातो. तो चूक आहे. वर्षं उतरत्या क्रमाने मांडायची, आणि चारांतल्या तीन वर्षी निदान जेवढं पाणी येतं तो आकडा धरायचा, असा त्याचा अर्थ. 1976 मध्ये लवादाने कृष्णेचं राज्या-राज्यांतलं वाटप कायम केलं ते याच हिशेबाने. कृष्णेच्या खालच्या टोकाच्या विजयवाड्याला पोचणाऱ्या पाण्याची 1894-95 ते 1971-72 अशी 78 वर्षांची मालिका घेतली गेली, 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरलं गेलं आणि महाराष्ट्राच्या वाट्याला 560 आले. विजयवाड्याला जे पोचलं ते मोजलेलं. जे वाटेत ओढ्या-नाल्यांवर, तलावांत अडलं ते 'वरचा वापर' म्हणून त्यात मिळवलेलं, आणि लहानसहान ओढ्यांच्या बाबतीत ही मिळवणी अंदाजाचीच. पुढे दुसऱ्या लवादाच्या 2010 च्या निवाड्यात 1961-62 पासूनची 47 वर्षं धरली, विश्वासार्हता 65 टक्क्यांवर आणली आणि पाणी 2293 टीएमसी झालं. नदी तीच, पण टक्का उतरवला आणि मालिका बदलली की पाणी वाढतं. अवर्षणप्रवण भागातल्या लहान तलावांना तर 50 टक्केही चालतात, म्हणजे दोनातलं एक वर्ष तलाव पुरता भरणार नाही हे आधीच मान्य करून तो बांधायचा. हे गावाला कुणी समजावून सांगितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

1972 च्या दुष्काळात पाझर तलाव झाले, नाला बंडिंग झालं. अलीकडच्या दहा-बारा वर्षांत पोकलेन लावून ओढे खोल-रुंद केले गेले, स्पर्धा लागल्या, कोरेगाव तालुक्यातली गावं त्यात पुढे होती. विहिरींना पाणी वाढलं हे लोक सांगतात आणि ते खोटं नाही. पण ओढ्याचा काटछेदच, म्हणजे पात्राची खोली-रुंदीच, बदलली, तेव्हा जुन्या पुलाच्या खुणेवरून पूर्वीच्या पाण्याशी तुलना करायची सोय गेली.

आणि आता उपसा. टेंभू उपसा योजनेचं पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडीत फिरतं; जिहे-कठापूर योजनेचं पाणी नेरच्या तलावात पडून येरळेला लागतं. पूर्वी मार्चनंतर खडखडीत असणारं पात्र भर एप्रिलात वाहताना दिसतं. ते पाणी कृष्णेतून उचललेलं, विजेचं बिल लागलेलं. श्रावणात चढतं ते आभाळातलं. बंधाऱ्याच्या खांबावरची पट्टी दोन्ही वेळा तीनच फूट दाखवते.