हार्डनर म्हणजे विरजण नाही : पेनचं ब्लँक घरी ओतणाऱ्यांसाठी

जळगावात दुकानावर येणारे असोत नाहीतर चोपडा, शिरपूर, नंदुरबारहून फोन करून एसटीने पार्सल मागवणारे असोत, आमच्या गिऱ्हाइकांचे दोन प्रश्न ठरलेले आहेत. (ब्लँक म्हणजे इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर कालवून साच्यात ओतलेला ठोकळा, तो लेथवर कातून पेन करतात.) एक म्हणजे "ब्लँक आठ दिवस झाले तरी चिकट का?" आणि दुसरा "हार्डनरची बाटली संपली, फक्त हार्डनर सुटं मिळेल का?" बऱ्याच जणांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात पण ते एकच आहेत. म्हणून हा कागद छापून घेतलाय, किटच्या खोक्यात टाकतोय आणि व्हॉट्सॲपवर पण पाठवतोय, एकदा शांतपणे वाचा.

आमच्या इपॉक्सीच्या किटमध्ये १ किलो रेझिन आणि ५०० ग्रॅम हार्डनर असतं. प्रमाण वजनाने, १०० ला ५०. म्हणजे तुम्ही दर वेळी बरोबर मोजलं तर दोन्ही बाटल्या एकाच दिवशी संपायला पाहिजेत, चार-पाच ग्रॅम इकडे तिकडे. रेझिन पाव किलो उरलंय आणि हार्डनर खडखडाट, असं झालं की समजायचं मागच्या सगळ्या ब्लँकमध्ये हार्डनर जास्त गेलंय. चिकटपणाचं कारण त्या रिकाम्या बाटलीतच आहे.

जास्त का जातं? तर लोक मुद्दाम टाकतात. "भाऊ, हार्डनर थोडं जास्त टाकं ते लवकर सुकी ना?" हे वाक्य आम्ही आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. ही समजूत कुठून आली ते पण आम्हाला माहितीये. आपल्याकडे फायबरचं काम करणारे खूप, कोणी पत्रे बनवतो, कोणी टाक्या, कोणी कूलरच्या बॉड्या, आणि त्यांच्याकडे जे पॉलिस्टर रेझिन असतं त्यात कॅटॅलिस्ट टाकतात, साधारण १ ते २ टक्के. ते खरंच विरजणासारखं आहे. दुधात चमचाभर विरजण टाकलं की सगळं दूध लागतं, थोडं जास्त टाकलं की लवकर लागतं. (तिथे पण फार झालं की माल तडकतो, ते काम करणाऱ्याला विचारा.) पण इपॉक्सीचं हार्डनर विरजण नाही. ते बैलजोडीतला दुसरा बैल आहे. एका जुवाला दोनच बैल, तिसरा आणला म्हणून नांगरट लवकर होत नाही, तो नुसता बांधावर उभा राहतो. रेझिनच्या प्रत्येक कणाला हार्डनरचा ठरलेला वाटा लागतो, त्याच्यावर जे पडेल ते तसंच मोकळं आत अडकून राहतं आणि ब्लँक कायमचं मऊ करतं. उलट कमी पडलं तर रेझिन मोकळं राहतं, परिणाम तोच.

आणि हे नंतर दुरुस्त होत नाही. ओव्हनमध्ये ठेवा, गच्चीवर ठेवा, महिनाभर कपाटात ठेवा, जोडीदारच नाही तर जुळणार कोण? फक्त एक परीक्षा करून बघायची. ब्लँक सपाट फळीवर ठेवून दिवसभर उन्हात ठेवा, गार होऊ द्या आणि नख दाबा. नख रुतलं नाही तर प्रमाण बरोबर होतं, फक्त थंडीमुळे किंवा घाईमुळे कच्चं होतं. तरी रुतलं तर ते ब्लँक टाकून द्या, लेथवर चढवू नका. चढवलं तर काय होतं ते धुळ्याच्या एका ओळखीच्या कातारीदादांनी आणून दाखवलं होतं, भुशाऐवजी च्युइंगगमसारखे धागे निघत होते, पटाशीला लपेटत होते आणि ट्यूबवरून (पेनच्या आतली पितळी नळी) ब्लँक फिरून निघालं, तो ट्यूब गेला, तीन दिवसांची मेहनत गेली. शिवाय कच्च्या ब्लँकची धूळ त्वचेला आणि छातीला वाईट. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की सहसा जात नाही, मग हा छंदच सोडावा लागतो. म्हणून नायट्राईलचे हातमोजे आणि घासताना एन-९५ मास्क, इथे कंजुषी नको. हाताला लागलं तर थिनरने धुवायचं नाही, कापडाने पुसून साबण आणि पाणी.

आता मोजण्याचं. काही जण मुद्दाम जास्त टाकत नाहीत, मोजताना चुकतात. औषधाच्या बाटलीचं टोपण, चहाचा कागदी कप, "दोन कप हे आणि एक कप ते". आमचं प्रमाण वजनाचं आहे, मापाचं नाही. रेझिन जड असतं, हार्डनर हलकं असतं, दोन कपाला एक कप घेतलं की वजनाने १०० ला ५० ऐवजी ४२ च्या आसपासच जातं. बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलंय तरी हे होतंच. दुसऱ्या कंपन्यांचं रेझिन वापरत असाल तर त्यांच्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघा, काहींचं मापाने असतं, आणि एकाचं रेझिन दुसऱ्याचं हार्डनर हे तर कधीच नको.

दुसरी चूक काट्याची. एका पेनचं ब्लँक म्हणजे पाऊण इंच बाय पाऊण इंच बाय पाच इंच, त्याला साधारण ५० ग्रॅम माल लागतो, त्यातलं हार्डनर फक्त १७ ग्रॅम. किचनचा काटा एक-एक ग्रॅमने उड्या मारतो, त्यात एक ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ ६ टक्के. सोन्यासाठी नावाजलेल्या गावात आपण राहतो, सराफाकडे कोणी अंदाजे वजन चालवून घेत नाही, मग इथे का? ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. आमच्याकडे आहे, पण कुठूनही घ्या, तो एका वाया गेलेल्या किटपेक्षा स्वस्तच पडतो. काटा घ्यायचा नसेल तर निदान चार ब्लँक एकदम ओता, १४० ग्रॅम रेझिन आणि ७० ग्रॅम हार्डनर, मोठ्या वजनात छोटी चूक कमी नडते.

"मग लवकर सेट कसं करायचं?" तर उत्तर उष्णता, आणि ती खान्देशात फुकट आहे. अडचण उलटीच होते. बाटलीवर कामाची वेळ ३० मिनिटं लिहिलीये ती २५ अंशाची. तापमान १० अंशाने वाढलं की वेळ साधारण निम्मी होते, मे महिन्यात भुसावळात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तुम्हाला दहा मिनिटं पण मिळणार नाहीत. कपात माल खोल राहिला तर स्वतःच्याच गरमीने पेटल्यासारखा होतो, धूर निघतो, कप वितळतो. तसं झालं तर हातात धरू नका, बाहेर मोकळ्यावर ठेवून द्या. म्हणून उन्हाळ्यात पहाटे ओता, बाटल्या घरातल्या गार खोलीत ठेवा (फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर पाणी धरतं), आणि कालवून झालं की लगेच साच्यात. आणि एक खास आपल्याकडचं, कूलरसमोर ओतू नका. कूलरची दमट हवा लागली की वर तेलकट थर येतो, लोकांना वाटतं ब्लँक कच्चं राहिलं आणि पुढच्या वेळी अजून हार्डनर टाकतात! तो थर कोमट साबणाच्या पाण्याने निघतो, आत ब्लँक कडक असतं.

थंडीत उलट. डिसेंबर-जानेवारीत रेझिन मधासारखं घट्ट होतं, कधी तळाला साखरेसारखे पांढरे खडे होतात, ते खराब झालेलं नाही. बाटली ५० अंशाच्या आसपासच्या गरम पाण्यात झाकण घट्ट लावून ठेवा, विरघळतं. मगच वजन करा. थंडीत कडक व्हायला जास्त दिवस लागतात, हे धरूनच चाला.

कालवताना तीन-चार मिनिटं, हळू, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून अजून एक मिनिट. ब्लँक बाकी कडक आणि एकाच ठिकाणी चिकट डाग असं असेल तर प्रमाण ठीक होतं, कडेचं न कालवलेलं आत गेलंय. दोन रंगी ब्लँक करताना लोक प्रत्येक रंगाला वेगळं वजन करतात, तसं करू नका, एकदाच मोजून पूर्ण कालवा, मग दोन कपात वाटा आणि नंतर रंग टाका, चुकायची जागाच राहत नाही. लाटा पाहिजे असतील तर माल थोडा घट्ट होऊ द्या, पातळ असताना ओतले की निळा आणि पिवळा मिळून सरळ हिरवा.

रंग म्हणजे मायका पावडर (अभ्रकाची रंगीत पूड), वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास पुरते. पोस्टर कलर, कपड्याचा रंग, भिंतीच्या रंगात टाकायचा पाण्याचा स्टेनर हे टाकू नका, त्यात पाणी असतं, माल दुधाळ आणि मऊ होतो. रांगोळी पण नको, ती दगडाची पूड, पटाशीची धार खाते.

साचा सिलिकॉनचा किंवा एचडीपीईचा (एक प्रकारचं प्लास्टिक), त्यांना इपॉक्सी धरत नाही. पीव्हीसी पाईपचे तुकडे आपल्याकडे भरपूर मिळतात म्हणून वापरतात, पण आत मेण चोळल्याशिवाय सुटत नाही, मग पाईप चिरून काढा. बुडबुडे दाबायला प्रेशर पॉट (हवेच्या दाबाचं बंद भांडं) असेल तर ४० ते ६० पीएसआय दाब पुरतो आणि माल घट्ट होईपर्यंत हवा सोडायची नाही, नाहीतर दाबलेले बुडबुडे परत फुगतात. पॉटवर जेवढा दाब लिहिलाय त्याच्यावर जायचं नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह काढायचा नाही. स्वयंपाकाच्या कुकरला कॉम्प्रेसर लावायचा विचार दोघांनी बोलून दाखवला होता, हात जोडून सांगतो नको, तो १५ पीएसआयच्या आसपास चालायला बनवलेला आहे, फुटला तर जीव जाईल.

मक्याची कणसं, बाभळीचे तुकडे टाकून ब्लँक करतात ती फार सुंदर होतात, मक्याचं तर आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडतं, पण ते हाडासारखं कोरडं पाहिजे. ओल राहिली तर फेस येतो.

चोवीस तासांनी साच्यातून काढा, पण लेथवर पाच ते सात दिवसांनी. घरी जमलेलं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशाला मऊ पडायला लागतं, म्हणून ७ मिमीचं भोक पाडताना ड्रिल सारखं बाहेर काढा, चुरा झटका, गार होऊ द्या. कातल्यावर वॉटर पेपर ओला करून घासा, ४०० नंबरपासून २००० पर्यंत. तयार पेन मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

आता सुट्या हार्डनरचं. आम्ही देत नाही, आणि यावरून काही जण नाराज होऊन गेलेत. जास्तीचा नफा सोडतोय हे आम्हाला कळतं. पण सुटं हार्डनर दिलं की चुकीचं प्रमाण पुढच्या किटमध्ये पण तसंच चालू राहतं. दुसरं म्हणजे मोठ्या कॅनमधून सारखं काढत राहिलं की ते हवेतली ओल धरतं, आणि ते तुमच्या बाटलीत गेल्यावर बिघडलं तर दोष रेझिनला. त्यापेक्षा नवीन असाल तर १०० अधिक ५० ग्रॅमचं छोटं किट घ्या, तीन ब्लँक होतात, हात बसला की मोठं घ्या. पहिलं वजन दुकानात आमच्या काट्यावर करून बघायचं असेल तर त्याचे पैसे लागत नाहीत, सकाळी दहाच्या आत या म्हणजे ऊन चढायच्या आधी ओतून पण बघता येईल. घाईच असेल, कोणाला लग्नात भेट द्यायचं पेन असेल, तर तयार ब्लँक पण ठेवतो.

चिकट ब्लँकची तक्रार घेऊन येताना ब्लँकसोबत दोन्ही बाटल्या आणा, रिकामी असली तरी.