क्वार्टरबॅकची ट्रेड-संमती

नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल, या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत एखादा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) दुसऱ्या संघाकडे सोपवला जाताना त्याने स्वतः दिलेला होकार. एरवी ट्रेड हा दोन संघांमधला व्यवहार असतो. खेळाडू आपल्या चालू करारासकट नव्या शहरी जातो आणि त्याला विचारण्याचे बंधन कोणावर नसते. करारात ‘नो-ट्रेड’ कलम असेल तरच त्याला नकार देता येतो. 32 संघांच्या या लीगमध्ये असे कलम फार थोड्यांच्या पदरात पडते, आणि त्यांत क्वार्टरबॅकच अधिक असतात. मेजर लीग बेसबॉलमध्ये 10 वर्षे खेळलेल्या आणि त्यांतली शेवटची सलग 5 एकाच संघात काढलेल्या खेळाडूला हा हक्क आपोआप मिळतो. आपल्याकडच्या आयपीएलमध्येही ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागते. हार्दिक पंड्या 2023 मध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला, तो याच मार्गाने.

कलम नसले तरी नामवंत क्वार्टरबॅकच्या मर्जीला वजन असते. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, त्यामुळे मनाविरुद्ध आलेल्या क्वार्टरबॅकसाठी कोणताही संघ मोठी किंमत मोजायला धजत नाही. 1983 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, बाल्टिमोर कोल्ट्सने जॉन एल्वेला पहिल्याच क्रमांकावर निवडले. तिथे खेळण्यापेक्षा यांकीज संघाकडून बेसबॉल खेळेन, असे त्याने बजावले. आठवड्याभरात कोल्ट्सने त्याला डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे सोपवले. पुढे त्याने याच संघाला दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले.

होकारामागे पैसा असतोच. एनएफएलच्या करारातली बरीचशी रक्कम हमीची नसते, म्हणून नवा संघ पाठोपाठ नवा करार देणार का, हे खेळाडू आधी पाहतो. क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनचे प्रकरण याचे टोकाचे आणि क्लेशदायक उदाहरण आहे. वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले असतानाही मार्च 2022 मध्ये अनेक संघ त्याच्या मागे होते. क्लीव्हलँड ब्राउन्सला त्याने आधी नकार कळवला होता. त्यांनी 5 वर्षांचे 23 कोटी डॉलर पूर्ण हमीने देऊ केल्यावर तो बदलला. लीगने नंतर त्याला 11 सामन्यांसाठी निलंबित केले. नो-ट्रेड कलमाने खेळाडूच्या हाती किती ताकद येते हे इथे दिसले; ती कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न मात्र लीगमधल्या थोड्याच जणांनी विचारला. कुटुंब, हवामान, टेक्सास-फ्लोरिडासारख्या राज्यांत राज्याचा आयकर नसणे याही गोष्टी मोजल्या जातात, पण निर्णय त्यांवर क्वचितच ठरतो.

तो बहुतेकदा ठरतो प्रशिक्षकावर. रसेल विल्सनच्या निर्णयात हे सर्वांत स्पष्ट दिसते. 2012 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेल्या या क्वार्टरबॅकने सिअ‍ॅटल सीहॉक्सला फेब्रुवारी 2014 मध्ये सुपर बोल जिंकून दिला, तोही डेन्व्हरला 43-8 असे लोळवून. 2019 मध्ये त्याने 4 वर्षांचा 14 कोटी डॉलरचा वाढीव करार केला. त्यात नो-ट्रेड कलम होते. पण प्रशिक्षक पीट कॅरोल यांची भिस्त चेंडू घेऊन धावण्यावर आणि बचावावर होती. विल्सनला अधिक पास टाकायचे होते, चाली ठरवण्यात आवाज हवा होता. शिवाय पहिल्या 9 हंगामांत तो 394 वेळा सॅक झाला, म्हणजे पास सुटण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला पाडले. हे सोसून झाले, असे त्याने 2021 च्या सुरुवातीला उघडपणे सांगितले. आपण ट्रेड मागितलेला नाही, पण झालाच तर डॅलस, न्यू ऑर्लिन्स, लास व्हेगास आणि शिकागो हे चार संघ चालतील, असे त्याच्या एजंटने कळवले. त्या यादीत डेन्व्हर नव्हते.

तरी मार्च 2022 मध्ये त्याने डेन्व्हरला होकार दिला. आदल्या हंगामात सर्वांत कमी गुण देणाऱ्या संघांत ब्रॉन्कोजचा बचाव तिसरा होता, कोर्टलँड सटन आणि जेरी ज्यूडीसारखे पास झेलणारे रिसीव्हर होते, आणि नवे मुख्य प्रशिक्षक नॅथनिएल हॅकेट हे आक्रमणाचे जाणकार होते. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग 2012 मध्ये उतारवयात इथेच आला आणि सुपर बोल जिंकून निवृत्त झाला, हा दाखलाही ताजा होता. विल्सन 33 वर्षांचा होता. कागदावर निर्णय चुकीचा नव्हता, असे मला आजही वाटते. पण हॅकेट यांनी याआधी कुठेही मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते आणि संघ तेव्हा विक्रीला होता. नवे मालक ऑगस्टमध्ये आले. म्हणजे ज्यांच्या भरवशावर होकार दिला त्यांतले एक नवशिके होते, तर दुसरे कोण असणार हेच ठरलेले नव्हते.

पहिलाच सामना सिअ‍ॅटलमध्ये झाला. शेवटच्या मिनिटाला डेन्व्हर एका गुणाने मागे होते आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात चेंडू राखायला 5 यार्ड हवे होते. हॅकेट यांनी विल्सनच्या हाती चेंडू न देता 64 यार्डांवरून किक मारायला लावली. ती हुकली, सामना 17-16 असा गेला. प्रशिक्षकाचा विश्वास मिळावा म्हणून ज्याने दशकभराचे घर सोडले, त्याला पहिल्याच रात्री मैदानाबाहेर उभे राहून ती किक पाहावी लागली. त्या हंगामात तो 55 वेळा सॅक झाला, आणि हंगाम संपण्याआधीच हॅकेट यांना काढण्यात आले.

संमती देताना खेळाडूच्या नजरेतून निसटते ती ट्रेडची किंमत. ती चुकवतो तो नवा संघ, म्हणजे ज्यात आपल्याला खेळायचे आहे तोच. विल्सनसाठी डेन्व्हरने ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचे आपले हक्क दिले: पहिल्या फेरीच्या दोन, दुसऱ्या फेरीच्या दोन आणि पाचव्या फेरीची एक निवड, शिवाय टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) नोआ फँटसह तीन खेळाडू. त्यामुळे आक्रमणाची फळी पुढे स्वस्तात उभारण्याची वाट अरुंद झाली. क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डसाठी लॉस एंजेलिस रॅम्सनेही पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड मोजली, पण खेळाडू म्हणून फक्त जॅरेड गॉफ हा क्वार्टरबॅक दिला. बाकी संघ जसाच्या तसा राहिला, आणि प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांनी सुपर बोलपर्यंतची वाट आधी चालून पाहिलेली होती. डेट्रॉइटमध्ये 12 हंगामांत प्लेऑफचा एकही सामना न जिंकलेल्या स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी, फेब्रुवारी 2022 मध्ये, सुपर बोल जिंकला.

डेन्व्हरने मार्च 2024 मध्ये विल्सनला मुक्त केले आणि सुमारे 8.5 कोटी डॉलरचा बोजा आपल्या वेतनमर्यादेवर, म्हणजे लीगने संघाच्या पगारखर्चाला घातलेल्या मर्यादेवर, घेतला. सिअ‍ॅटलने त्या निवडींतून चार्ल्स क्रॉस आणि डेव्हन विदरस्पून यांना घेतले. विल्सन पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेला. या वेळी ट्रेड नव्हता, कलम नव्हते. त्याच्या पगाराचा मोठा भाग अजून डेन्व्हरच भरत होते.