शिकारी पाणथळ

बदकांच्या शिकारीसाठी हिवाळ्यात मुद्दाम पाणी भरून ठेवलेली खासगी मालकीची सखल जमीन. पाणथळ म्हटले की आपोआप साचलेली, कोणी हात न लावलेली जागा डोळ्यांपुढे येते. ही मात्र शेतासारखी कसावी लागते. शेतकरी जे तण म्हणून उपटून बांधावर टाकतो, तेच इथले पीक. अमेरिकेत ही पद्धत चांगली रुजली आहे, आणि तिचे सर्वांत नेटके रूप कॅलिफोर्नियातील सेंट्रल व्हॅलीत दिसते.

सॅक्रामेंटो आणि सॅन वाकिन या नद्यांच्या खोऱ्यात एकेकाळी सुमारे ४० लाख एकर पाणथळ होती. धरणे, कालवे आणि शेती यांनी तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग गिळला. उरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश जमीन खासगी असून ती बहुतांशी ‘डक क्लब’ नावाच्या शिकारी मंडळांकडे आहे. सभासदांनी वर्गणी काढून जमीन घ्यायची, पाणी, पंप आणि यंत्रांचा खर्च वाटून घ्यायचा आणि हंगामात ठरलेल्या वारी शिकार करायची, असा हा व्यवहार. ब्यूट सिंक, ग्रासलँड्स आणि सुसून मार्श ही त्यांची जुनी ठिकाणे. उत्तरेकडून तिथे उतरणाऱ्या थव्यांत तलवार बदक आणि थापट्या असतात. हिवाळ्यात उजनी-जायकवाडीवर दिसणाऱ्याच या जाती.

सगळी करामत पाण्याच्या वेळापत्रकात आहे. जमिनीला बुटके बांध घालून मोठे वाफे पाडतात आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी मोरी बसवतात. मोरीच्या खोबणीत लाकडी फळ्या एकावर एक सरकवलेल्या असतात. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे लगेच उमगेल. एक फळी काढली की पाणी तेवढ्याच उंचीने उतरते. हे चार बोटांचे हिशेब महत्त्वाचे, कारण ही बदके बुडी मारत नाहीत. शेपटी वर करून, मान खाली घालून तळ चाळतात. पाणी वीतभर असेल तर बी चोचीला लागते, कमरेएवढे झाले तर तळाशी कितीही दाणे असोत, उपयोग नाही.

शरद ऋतूत वाफे भरतात आणि शिकारीचा हंगाम जानेवारीअखेर संपला तरी पाणी लगेच सोडत नाहीत. परतीच्या प्रवासाआधी पक्ष्यांना, विशेषतः माद्यांना, पाण्यातल्या अळ्या-किड्यांमधील प्रथिने लागतात. मग वसंतात दोन-तीन आठवडे घेऊन वाफे हळूहळू उतरवायचे. उघड्या पडणाऱ्या चिखलाला वाफसा येतो आणि त्यात पडून राहिलेले बी आपोआप उगवते. कोणते उगवणार हे पाणी कधी काढले त्यावर ठरते. एप्रिलच्या सुरुवातीला काढले तर ‘स्वॉम्प टिमथी’ हे जमिनीलगत पसरणारे गवत येते. एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात काढून उन्हाळ्यात एक-दोन पाणी दिले तर आपल्या बरटीच्या कुळातले ‘वॉटरग्रास’ माजते. भातशेतकरी त्याच्या नावाने बोटे मोडतो, क्लबचा राखणदार ते वाढावे म्हणून पाणी विकत घेतो.

धान्य टाकून पक्षी बोलावणे मात्र तिथे गुन्हा आहे. विखुरलेल्या धान्यावर उतरणारी बदके मारण्यास १९३५ पासून संघराज्याच्या नियमांनी बंदी आहे. जागच्या जागी उगवलेले गवत आणि त्याचे बी चालते, म्हणूनच पाण्याच्या वेळेवर एवढा जीव टाकायचा. पाणथळीतील शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण तळातले छर्रे खडे समजून गिळणारी बदके विषबाधेने मरत.

जमीन तशीच सोडली तर चार-पाच वर्षांत पाणकणीस आणि लव्हाळे तिचा ताबा घेतात. मग पाणी असते, पण उतरायला उघडी जागा नसते. म्हणून काही वर्षांआड उन्हाळ्यात वाफा कोरडा पाडून त्यात चकत्यांचा कुळव फिरवतात. साधारण निम्मे पाणी उघडे, निम्म्यावर झाडोरा, हे प्रमाण उत्तम मानले जाते. उन्हाळ्यात साचलेल्या कोमट पाण्यात बोट्युलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची, साथ पसरण्याची भीती असते. मेलेल्या पक्ष्यांवर पोसलेल्या अळ्यांतून विष पुढच्या पक्ष्यांत जाते, त्यामुळे मढी वेचणे हेही राखणदाराच्या कामातच येते.

पाण्याचा झगडा यापेक्षा अवघड. सॅन वाकिन नदीवर १९४२ मध्ये फ्रायंट धरण झाल्यावर ग्रासलँड्सचे पाणी आटले. मग शेतातून निचरा होऊन आलेल्या पाण्यावर काही काळ भागवले गेले. अशाच निचऱ्याच्या पाण्यातल्या सेलेनियम या जास्त झाल्यास विषारी ठरणाऱ्या मूलद्रव्यामुळे जवळच्या केस्टरसन राखीव क्षेत्रात १९८३ मध्ये पक्ष्यांची विकृत पिल्ले आढळली आणि तो मार्ग बंद झाला. १९९२ च्या कायद्याने शेवटी राखीव क्षेत्रांना आणि ग्रासलँड्सच्या खासगी पाणथळींना पाण्याचा हक्क मिळाला. अनेक मालकांनी आपली जमीन कायम पाणथळच ठेवण्याचा करार सरकारला विकला आहे. मालकी आणि शिकार त्यांची, नांगर किंवा बांधकाम मात्र कधीच नाही.

भारतातील या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे भरतपूरचे केवलादेव घना. तिथल्या संस्थानिकांनी सखल रानात अजान बांधाचे पाणी कालव्यांनी आणून, बांध आणि दारे घालून शिकारीचे तलाव केले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनसाठी तिथे मोठी शिकार झाली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले; तो आकडा तिथल्या शिलालेखावर अजून वाचता येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुका थांबल्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, विशेषतः सालिम अलींनी, तिथे पक्ष्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान होताच तिथली गुरेचराई बंद झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. पुढे याच संस्थेच्या अभ्यासात दिसले, की म्हशी नाहीशा झाल्यावर पास्पालम गवताने तलाव भरून टाकले आणि बदकांना उघडे पाणी कमी पडू लागले. कॅलिफोर्नियात कुळव जे करतो, ते इथे म्हशी फुकट करत होत्या. नंतर गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली.