उन्हाळी टायर : वेगवान मोटारींसाठी निवड

हिवाळ्यात जिथे रस्ते गोठतात अशा देशांत वर्षाच्या उबदार महिन्यांसाठी वापरायचा टायर. जर्मनीत मोटारमालकांकडे बहुधा चाकांचे दोन संच असतात. अदलाबदलीचा ठोकताळा ‘ओ बिस ओ’ एवढ्यात सांगितला जातो : ऑक्टोबरपासून ऑस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर आणि उरलेले महिने उन्हाळी. ‘उन्हाळी’ या नावाने मराठी वाचकाची मात्र फसगत होते. आपल्याकडे उन्हाळा संपला की पावसाळा. तिकडे पाऊस उन्हाळ्यातही पडतो. त्यामुळे ओल्या रस्त्यावर टायर कसा वागतो, हीच त्याची पहिली पारख.

सगळे रबरापासून सुरू होते. डांबरातल्या खडीवर रबर दबते, पुन्हा उसळते आणि त्या दबण्या-उसळण्यात ऊर्जा जिरते. पकड मुख्यतः तिथून येते. थंडी वाढली की हेच रबर कडक पडते. त्यासाठी साधारण 7 अंश सेल्सिअस ही सीमा धरतात. पारा तिच्या खाली जाताच पकड एकदम सुटते असे नाही, ती हळूहळू कमी होत जाते. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप 2 सारख्या शर्यतीच्या ट्रॅककडे झुकलेल्या टायरना तर गरम झाल्याशिवाय सूरच सापडत नाही. कडाक्याच्या थंडीत असे टायर लावलेली गाडी जागची हलवली तरी रबराला चिरा पडू शकतात, असा इशारा कंपन्याच देतात. उलट हिवाळी टायर जुलैत वापरला, तर त्याच्या नक्षीचे मऊ ठोकळे ब्रेक लावताना लवतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते.

वेगवान गाडीच्या टायरला आजचे बुटके, रुंद रूप 1970 च्या दशकात आले. पिरेलीने लॅन्सिया स्ट्राटोस या रॅलीच्या गाडीसाठी पी7 हा टायर घडवला. त्यात पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा थर चाकाच्या परिघाला समांतर गुंडाळला होता, त्यामुळे वेगात टायर फुगत नसे. पुढे तो पोर्शे 911 टर्बोवरही आला. दुसरे वळण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचे : मिशेलिनने रबरातल्या काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका घातली आणि इंधनाचा खर्च न वाढवता ओल्यात पकड मिळू लागली.

निवड करताना आधी टायरच्या बाजूवरचे आकडे वाचावेत. पोर्शे 911 कॅरेरा एसच्या 992 पिढीत पुढे 245/35 झेडआर 20 आणि मागे 305/30 झेडआर 21 अशा मापाचे टायर येतात. 245 ही मिलिमीटरमधली रुंदी. 35 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 35 टक्के, म्हणजे जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. झेडआर म्हणजे जास्त वेगासाठीचा रेडियल टायर. 20 हा रिमचा व्यास इंचांत. पुढच्या टायरवर (91वाय) असते : 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो भार, वाय म्हणजे ताशी 300 किलोमीटर, आणि कंस असला की त्याहूनही जास्त वेग चालतो. भार किंवा वेगाची खूण मूळ टायरपेक्षा खालची घेऊ नये, मग दुकानदार कितीही सूट देवो.

मापानंतर खुणा. एन0, एन1 या पोर्शेच्या, तारा बीएमडब्ल्यूचा, एमओ मर्सिडीजची. एकाच नावाच्या टायरमध्ये त्या गाडीसाठी रबर आणि सांगाडा बदललेला असतो, म्हणून ही खूण हौसेची नाही. निदान एकाच आसावर दोन वेगळे टायर कधीही घालू नयेत. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासातला फरक ठरलेल्याहून वेगळा झाला की तो यंत्रणेला भोवतो.

युरोपात नव्या टायरसोबत मिळणाऱ्या लेबलवर मे 2021 पासून ओल्या पकडीला ए ते ई अशा श्रेणी आहेत. वेगवान गाडीला ए शिवाय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पण लेबल पुरेसे नाही : ते नव्या टायरचे, सरळ रेषेतल्या ब्रेकिंगचे मोजमाप आहे. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा धोका त्यात मोजलेला नसतो, आणि रुंद टायरला नेमका तोच जास्त. त्यासाठी एडीएसी ही जर्मन मोटारचालकांची संघटना किंवा ऑटो बिल्ड हे तिथले मोटारींचे नियतकालिक यांच्या तुलनात्मक चाचण्या वाचाव्यात. कॉन्टिनेन्टल स्पोर्टकॉन्टॅक्ट 7, मिशेलिन पायलट स्पोर्ट 4एस, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट हे एकाच वर्गातले टायर, तरी ओले, कोरडे आणि झीज या तिन्हींत एकसारखे नाहीत. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने त्या दोन दिवसांसाठी उरलेल्या दिवसांचा पाऊस विसरू नये.

जुन्या संचाची तपासणी घरच्या घरी होते. एक युरोचे नाणे खाचेत उभे धरायचे : त्याची सोनेरी कड सुमारे 3 मिलिमीटर रुंद असते, ती बाहेर दिसली की टायर बदलायची वेळ झाली. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर, पण पावसात तिथवर थांबणे धोक्याचे. नाणे आतल्या कडेलाही लावावे. अशा गाड्यांची चाके आत कललेली असल्याने टायर बाहेरून धड दिसतो आणि आतून गोटा झालेला असतो. तयार झाल्याची तारीख बाजूवरच्या चार आकड्यांत असते : 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर दमाने चालवावे.

महाराष्ट्रात निफाडसारख्या ठिकाणची जानेवारीतली पहाट सोडली, तर पारा 7 अंशांखाली क्वचितच उतरतो, म्हणून हाच टायर बारा महिने चालतो. इथे खरा शत्रू खड्डा. साडेआठ सेंटिमीटरची बाजू खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चेंगरते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. तो पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. टायरच बदलावा लागतो. गाडीच्या कंपनीने मान्य केले असेल तर एक इंच लहान रिम आणि उंच बाजूचा टायर घेणे इथल्या रस्त्यांवर शहाणपणाचे. हवा मात्र टायर थंड असतानाच तपासावी, लांबचा प्रवास करून आल्यावर नव्हे.