विमा लवादातील दस्तऐवज-प्रकटीकरण आणि न्यायालय

विमा कंपनी व विमाधारक यांच्यातील लवादात मागितलेला कागद दडवला गेल्यास तो न्यायालयामार्फत मिळवण्याची, तसेच कागद देण्याची मागणी नाकारणाऱ्या लवादाच्या आदेशाला आव्हान देण्याची पद्धत. विदर्भाच्या ग्रामीण भागात याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमधील आगीचा दावा. पीकविम्याच्या तक्रारींचा मार्ग वेगळा आहे.

लवाद व सलोखा अधिनियम, 1996 चे कलम 27 (पुरावा मिळवण्यासाठी न्यायालयाचे साहाय्य) हे संयुक्त राष्ट्रांच्या लवादविषयक 1985 च्या नमुना कायद्यावरून घेतले, असे सामान्यतः म्हटले जाते. ते अपुरे आहे. पहिली तीन पोटकलमे नमुन्याच्या वळणाची असली, तरी समन्स, कमिशन (साक्ष नोंदवण्यासाठी केलेली नेमणूक) व शिक्षेचा मजकूर 1940 च्या जुन्या लवाद अधिनियमातील कलम 43 चा आहे. त्या जुन्या कलमात ‘पक्षकार व साक्षीदार’ दोघांनाही आदेशिका (समन्ससारखे न्यायालयाचे हुकूम) काढता येत; 27(4) मध्ये केवळ ‘साक्षीदार’ उरले. म्हणून पक्षकाराकडून कागद मागता येत नाही, असा युक्तिवाद झाला. डेल्टा डिस्टिलरीज प्रकरणात (2013) सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. अलका चांदेवार प्रकरणापासून (2017) लवादाचा आदेश मोडणेही 27(5) च्या, म्हणजे शिक्षेच्या पोटकलमाच्या, कक्षेत येते.

अर्ज लवाद स्वतः किंवा त्याच्या मान्यतेने पक्षकार करतो. न्यायालयाने कागदाची प्रस्तुतता पुन्हा तपासावी का, यावर मतभेद आहेत; ती लवादाने ठरवावी व न्यायालयाने अंमल द्यावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. म्हणूनच लवादाच्या मान्यतेत कारणे असलेली बरी. लवादाचे स्थान विदर्भात असेल तर अर्ज जिल्हा न्यायालयात जातो, कारण नागपूर खंडपीठाला सर्वसाधारण मूळ दिवाणी अधिकारिता नाही; तीन लाख रुपये वा अधिक मूल्याचा वाणिज्यिक वाद वाणिज्यिक न्यायालयात.

अर्ज बहुधा कागदाच्या वर्णनावर अडतो. ‘स्टॉकचे सर्व कागद’ ही विमा कंपनीची मागणी टिकत नाही. तारखांसह काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या), आवक नोंदवही, बँकेला दिलेली मासिक स्टॉक विवरणे, वीजबिले असे वेगवेगळे लिहावे लागते. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, म्हणजे 170 किलोंच्या एका गठाणीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. काटापट्ट्यांची बेरीज व गठाणींची संख्या या हिशेबात बसली नाही, की वाद पेटतो. आगीत वह्याच जळाल्या असतील, तर बँकेतील प्रती हा मोठा आधार; बँक तिऱ्हाईत असल्याने तिच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती मागवाव्यात. विमाधारकाने मात्र सर्व्हेअरचा (नुकसानीची पाहणी करून आकडा ठरवणाऱ्याचा) पहिला अहवाल, घटनास्थळाची छायाचित्रे व नंतरची पुरवणी हे तिन्ही नावानिशी मागावेत. नुकसानीचा आकडा मध्येच का घटला, ते त्यांतूनच कळते.

प्रकटीकरण नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध कलम 37 खाली अपील नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खालील उच्च न्यायालयाचा हस्तक्षेप अत्यंत विरळ (भावेन कन्स्ट्रक्शन प्रकरण, 2021). बाजू मांडता आली नाही, ही तक्रार निवाड्यानंतर, तो रद्द करण्यासाठी, कलम 34 खाली करता येते. त्यासाठी मागणी व नकार दोन्ही लवादाच्या कामकाजात लेखी नोंदलेले असावेत. कलम 27 चा अर्ज प्रलंबित असला म्हणून निवाडा देण्याची कलम 29क ची बारा महिन्यांची मुदत आपोआप थांबत नाही.