सुरत : खानदेशाचे बंदर

सुरत हे गुजरातमधील तापीच्या डाव्या तीरावरचे शहर. समुद्रापासून वीसेक किलोमीटर आत असूनही सोळाव्या-सतराव्या शतकांत ते मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील सर्वांत मोठे बंदर होते. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 44 लाखांवर होती. हिरे आणि कृत्रिम धाग्याचे कापड ही त्याची आजची ओळख. खानदेशाला स्वतःचा किनारा नाही, त्यामुळे चार शतके त्याचा समुद्राशी संबंध आला तो मुख्यतः सुरतेवाटे. प्रस्तुत नोंद त्या अंगाने लिहिली आहे.

तापीने खानदेश आणि सुरत जोडले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे. मुलताईला उगम पावून 724 किमी वाहणाऱ्या या नदीला चांगदेवला पूर्णा, मुडावदला पांझरा आणि प्रकाशाला गोमाई मिळते. पण पात्र खडकाळ, पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याचे. नावा चालत त्या फक्त भरतीचे पाणी पोचते तिथपर्यंत. खानदेशचा माल नदीने नव्हे, नदीच्या काठाकाठाने गेला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सह्याद्रीचे फाटे, आणि मध्ये बैलगाडी जाईल अशी वाट. ही वाट सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर करत बऱ्हाणपूरला जाई आणि तिथून असीरगडाखालून माळव्यात व पुढे आग्र्याला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो 1615 च्या सप्टेंबरात सुरतेजवळ उतरला आणि याच वाटेने नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोचून शाहजादा परवेझला भेटला. जहांगीर तेव्हा अजमेरला होता, आणि त्याच्या दरबाराचा रस्ता खानदेशातून होता.

सुरतेआधी पलीकडच्या तीरावरचे रांदेर मोठे होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपी या धनाढ्य व्यापाऱ्यामुळे सुरतेला बाळसे आले. गोपी तलाव त्याचाच. पोर्तुगिजांनी 1530 मध्ये दोन्ही गावे जाळली, पण सावरली ती सुरत. गुजरातच्या सुलतानाने खुदावंदखानाकडून नदीकाठी किल्ला बांधून घेतला, तो 1546 च्या सुमारास पुरा झाला. अकबराने 1573 मध्ये सुरत घेतली; 1601 मध्ये असीरगड पडला आणि फारुकी सुलतानांचा खानदेशही मोगलांकडे आला. खानदेशाच्या दृष्टीने ही दुसरी तारीख जास्त मोलाची. बंदर आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख एका धन्याखाली आल्यावर वाटेला खरा भाव आला.

मोठी जहाजे मात्र सुरतेपर्यंत येत नसत. तापीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. जहाजे बाहेर सुवाळीच्या खाडीत नांगर टाकत आणि माल मचव्यांनी किंवा गाड्यांनी शहरात येई. इंग्रजांचे ‘हेक्टर’ जहाज 1608 मध्ये आले. 1612 मध्ये सुवाळीसमोर त्यांनी पोर्तुगीज आरमाराला मागे रेटले आणि त्यानंतर त्यांना वखारीची परवानगी मिळाली. डच त्यांच्या मागोमाग आले. हजचे यात्रेकरूही इथूनच निघत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. त्यांच्यासाठी 1644 मध्ये बांधलेल्या मोगल सराईत आज महानगरपालिकेचे कार्यालय आहे. सुरतेत चौऱ्याऐंशी बंदरांचे वावटे फडकतात, अशी गुजरातीत ख्याती. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

खानदेशातून उतरत असे ते कापूस, गुळी (नीळ) आणि मुख्यतः बऱ्हाणपूरच्या बाजूचे छापील व रंगीत कापड. लमाणांचे बैलांचे तांडे हा माल आणत आणि परतताना मीठ नेत. सराफांच्या हुंड्या या टोकाला लिहिल्या तर त्या टोकाला वटत, त्यामुळे रोकड घेऊन सगळी वाट तुडवण्याची गरज नसे. इंग्रजांनी सतराव्या शतकात नंदुरबारला आणि 1674 मध्ये धरणगावला वखार घातली. धरणगावचे नाव आज रेल्वेच्या उद्घोषणेत क्षणभर ऐकू येते; त्या काळी लंडनच्या हिशेबवह्यांत ते पोचले होते.

वाटेने फक्त माल वाहिला नाही. 1630 ते 1632 च्या दुष्काळात गुजरात आणि खानदेश उद्ध्वस्त झाले. पीटर मंडी हा इंग्रज 1630 मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला. रस्त्याला लागलेल्या प्रेतांचे जे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे, त्यात नंदुरबारची अवस्था वाचवत नाही. तंबू ठोकायलाही मोकळी जागा मिळेना, असे तो सांगतो.

मराठी वाचकाला सुरत म्हटले की लूट आठवते. शिवाजी महाराजांनी जानेवारी 1664 मध्ये पहिल्यांदा शहर लुटले. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला; वीरजी व्होरा, हाजी झाहिद बेग अशा बड्या व्यापाऱ्यांचे वाडे फुटले. दुसरी स्वारी ऑक्टोबर 1670 मध्ये झाली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट बहुधा इथे आणि परतीच्या वाटेवरील वणी-दिंडोरीच्या लढाईपाशी संपते. खानदेशाची गोष्ट मात्र पुढे सुरू होते. त्याच डिसेंबरात मराठी फौज खानदेशात शिरली, बऱ्हाणपूरच्या वेशीवरचे बहादूरपूर लुटून वऱ्हाडात कारंज्यापर्यंत गेली आणि गावोगावच्या प्रमुखांकडून चौथाईची लेखी कबुली घेतली. पुढल्या काही वर्षांत धरणगावही लुटले गेले. बंदर मारायचे तर त्याच्या पाठीवरच्या पेठाही मारायच्या, हा हिशेब त्यात स्पष्ट दिसतो.

इंग्रजांनी 1687 मध्ये मुख्य ठाणे मुंबईला हलवले. नदीमुख गाळाने भरत गेले आणि मोगलांचा दरारा ओसरला. 1759 मध्ये किल्ला, 1800 मध्ये सगळा कारभार इंग्रजांकडे गेला. 1837 मध्ये आधी आगीने आणि मग पुराने शहर झोडपले. तरी खानदेशाच्या बाजूने निर्णायक घाव घातला तो रेल्वेने. 1860 च्या दशकात मुंबईची रेल्वे जळगाव-भुसावळला पोचली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि खानदेशचा कापूस तोंड फिरवून मुंबईला जाऊ लागला. सुरतेची पाठ मोकळी पडली. 1900 च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे झाली, तेव्हा ती जुन्याच वाटेवरून आली: व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, सिंदखेडा, अमळनेर. आता मोठा रस्ताही आहे, पण तो कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्यावरून जातो. थाळनेर आणि चोपडा त्याने बाजूला टाकले.

आज या मार्गावरून माणसे जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेत यंत्रमाग, साड्यांची छपाई आणि हिरे वाढले, आणि नंदुरबार, धुळे, जळगावकडची कोरडवाहू गावे तिकडे वाहू लागली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. गावाकडे कुणाची चौकशी केली तर ‘पोऱ्या सुरतले शे’ एवढ्या उत्तरावर भागते; तिथे काय करतो, हे विचारायची गरज पडत नाही. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीला रोटांचा नैवेद्य असला की घरचे सगळे एका चुलीवर यावे लागतात, मग सुरतेकडून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. जाताना पिशव्यांत कळण्याचे पीठ, बिबड्या आणि भरताची वांगी. येताना घारी या सुरती मिठाईचा डबा आणि साड्यांचे गठ्ठे. वाटेत नवापूरच्या फलाटावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात, पण सुरतेला निघालेला सहसा खाली उतरत नाही.

नदीचे नाते पावसाळ्यात आठवते. भुसावळजवळ हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी उकाईला येते, आणि उकाईतून किती सोडायचे यावर सुरतेचे भवितव्य ठरते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. त्याच उकाईच्या फुगवट्याखाली, 1972 मध्ये धरण पुरे झाले तेव्हा, नवापूर-नंदुरबारकडची गावेही गेली आहेत.