सुगरण पक्ष्यातील लैंगिक निवड

जगण्यापेक्षा जोडीदार मिळवण्यात सरस ठरणारी लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, ही लैंगिक निवडीची कल्पना चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये थोडक्यात आणि १८७१ मध्ये सविस्तर मांडली. तिच्या दोन बाजू आहेत : नरानरांतली चुरस आणि मादीने केलेली पारख. उदाहरण म्हणून नेहमी मोराचा पिसारा सांगतात. पण पारख कशी चालते हे पाहायला सुगरण (प्लोसियस फिलिपिनस) अधिक सोयीची, कारण इथे मादी जे तपासते ते नराच्या अंगावर नसून फांदीला टांगलेले असते.

एरवी नर-मादी दोघेही चिमणीसारखे दिसतात. पावसाळ्यात, विणीच्या हंगामात, नराचा माथा पिवळाधमक होतो आणि चेहरा काळपट. विहिरीवर झुकलेली बाभूळ, शिंदी किंवा ताड अशा झाडांवर नरांची वसाहत बसते. खोपा विणतो तो नरच. भाताच्या किंवा गवताच्या पात्याची कड चोचीने कुरतडून तो उडता उडता पट्टी सोलतो. अशी पट्टी २० ते ६० सेंमी भरते. ती ओली असतानाच विणावी लागते, वाळली की गाठ बसत नाही, तुटते.

आधी फांदीला देठ, मग उभे कडे, मग त्यावर छप्पर. पूर्ण खोप्याला सुमारे १८ दिवस लागतात. त्यातल्या साधारण आठव्या दिवशी तो उपड्या शिरस्त्राणासारखा दिसू लागतो, आणि नर मुद्दाम थांबतो. आतून चिखलाचे गोळे लिंपतो, खाली लोंबकळून पंख फडफडवतो, ओरडतो. माद्या येतात, कड्यावर बसतात, आत शिरून पाहतात. पसंती मिळाली तरच तो अंड्यांची खोली बंद करून प्रवेशाची लांब नळी विणतो. नाहीतर खोपा तसाच अर्धवट लटकत राहतो. वसाहतीत असे अर्धे खोपे दिसले की ते वाऱ्याने मोडले असे लोक समजतात. त्यातले बरेच नाकारलेले असतात.

मादी विणकामाची सफाई पाहते, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्ष अभ्यासात मात्र खोप्याच्या रचनेपेक्षा त्याची जागा निर्णायक ठरलेली आढळली आहे. यात नवल नाही. फांदी शत्रूंच्या सोयीची असेल, तर साप, उंदीर, कावळे यांचा हात सहज पोचतो आणि कितीही सुबक खोपा अंडी वाचवू शकत नाही.

मादी २ ते ४ पांढरी अंडी घालते आणि १४ ते १७ दिवस एकटीच उबवते. नर तोवर दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हे क्रमिक बहुपत्नीत्व डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला वसाहतीवर नजर ठेवून उलगडले. नराच्या वाट्याला पिले भरवणे फारसे येत नाही, म्हणून त्याला हे परवडते. मादीची मात्र हंगामातली सारी गुंतवणूक एका जागेवर लागते, म्हणून ती चोखंदळ असते.